कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये सरकारी मदतीचं पाळणाघर मिळवताना: आमचे अठरा महिने

१८ मार्च २०१८ ला पाडवा होता. आमच्या एका बेडरूमच्या घराच्या बाल्कनीत सासूबाईंनी गुढी उभारली, श्रीखंड केलं आणि मंगळवारच्या विमानानं त्या सांगलीला परत गेल्या. टुरिस्ट व्हिसावरचे त्यांचे सहा महिने संपत आले होते. ते सहा महिने आमच्या मुलीला, मनूला, त्यांनीच सांभाळलं, म्हणून मी कामावर जाऊ शकले. इथल्या कितीतरी मराठी घरांत हेच चालतं. एक आजी जाते, दुसरी येते, आणि मधल्या महिन्यांत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. माझी आई गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती, त्यामुळे आमच्याकडे दुसरी आजी नव्हती.

हे लिहितेय ते अशाच मधल्या महिन्यांत अडकलेल्यांसाठी. आम्ही आयटीतले नाही. नणंदेनं बहीण म्हणून भावासाठी अर्ज केला होता, त्या ग्रीनकार्डवर २०१३ मध्ये आलो. नवरा गोदामात रात्रपाळी करतो, तेव्हा ताशी १५ डॉलर मिळायचे. मी एका किराणा दुकानात हिशेब बघते, आठवड्याला २७ तास, ताशी १४ डॉलर. मनूचा जन्म इथलाच, जून २०१५ चा. घरभाडं २,१०० डॉलर. तीन खासगी पाळणाघरांत चौकशी केली. पूर्ण दिवसाचे सगळ्यात स्वस्त १,३५० डॉलर होते. भाडं आणि पाळणाघर मिळून आमच्या पगाराचा किती भाग जातो ते कागदावर मांडलं आणि कागद उलटा करून ठेवला.

पहिले काही आठवडे आम्ही असे काढले की नवरा सकाळी साडेसहाला घरी यायचा, मी नऊला निघायचे आणि तीन-साडेतीनपर्यंत मनू त्याच्याजवळ. तो झोपलेला, ती जागी. एप्रिलमधल्या एका दुपारी मी घरात शिरले तर मनू चटईवर बसली होती. पायात बूट, तेही उलटसुलट, आणि समोर डब्यातले कच्चे पोहे मूठमूठ ओतून मांडलेले. म्हणाली, ‘बाबाला उठवलं नाही.’ नवरा गाढ झोपेत होता. दाराची कडी तिच्या हाताला येत होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी मी २११ वर, म्हणजे मदत कुठे मिळेल ते सांगणाऱ्या नंबरवर, फोन केला.

२११ वरून मला आमच्या भागातल्या बालसंगोपन माहिती केंद्राचा नंबर मिळाला. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, असं केंद्र असतं आणि तिथली माहिती फुकट असते. आमच्या अलामेडा काउंटीच्या दक्षिण भागात ‘फोर सीज’ ही संस्था, ओकलंड-बर्कलीकडे ‘बनानाज’. फोनवरच्या बाईंनी सांगितलं की मदत दोन तऱ्हेची असते. एकात तुम्हाला व्हाउचर मिळतं आणि पाळणाघर तुम्ही निवडता. दुसऱ्यात राज्य सरकारचं थेट एखाद्या केंद्राशी कंत्राट असतं आणि त्या केंद्रातल्या जागेवर तुमचं मूल घेतात. दोन्हीकडे नाव घाला, असं त्या म्हणाल्या. तुम्हीही दोन्हीकडे घाला. आमचं काम शेवटी दुसऱ्या वाटेनं झालं.

नाव घालायला कागद लागत नाहीत. उत्पन्न, माणसं किती, मूल किती वर्षांचं, काम कधी करता, एवढंच विचारतात. पण यादी ‘आधी आला त्याला आधी’ अशी नसते. बालसंरक्षण खात्याकडून आलेली मुलं सगळ्यात आधी, मग ज्याचं उत्पन्न सगळ्यात कमी त्याचा नंबर. आम्ही पात्रतेच्या वरच्या टोकाला होतो, म्हणून आमची पाळी उशिरा येणार हे पहिल्याच दिवशी कळलं. वाईट वाटलं, पण आमच्यापेक्षा कमी पगारावर मुलं वाढवणाऱ्या आईला आधी जागा मिळावी, यात चूक काही नाही.

या वेळी घरात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर, म्हणजे आय-८६४ वर, नणंदेची सही होती. ताई घाबरून म्हणाल्या, ‘अगं, तुम्ही सरकारचे पैसे घेतलेत तर उद्या ते माझ्याकडे वसूल करतील.’ त्यांची भीती खोटी नव्हती, त्या फॉर्मवर तसं कलम आहेच. मी एका मोफत कायदेशीर सल्ला शिबिरात गेले, शनिवारी सकाळी, अडीच तास रांगेत. वकीलबाईंनी सगळे कागद बघून सांगितलं की ते कलम ठरावीक मदतींना लागू होतं आणि पाळणाघराची सबसिडी त्यांत बसत नाही. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे सरकारी मदतीवर जगेल अशा माणसाला ग्रीनकार्ड नाकारण्याच्या, नव्या नियमाचा मसुदा आला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा घबराट पसरली. त्या मसुद्यातल्या मदतींच्या यादीतही पाळणाघर नव्हतं. ज्यांचं ग्रीनकार्ड अजून व्हायचंय त्यांनी मात्र फॉरवर्डवर जाऊ नये, वकिलालाच विचारावं.

एप्रिल ते ऑगस्ट नुसती वाट. या काळात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर लगेच कळवा. आणि अनोळखी नंबर आला तरी उचला, व्हॉइसमेल रिकामा ठेवा. जागा निघाली की फोन करतात, उत्तर आलं नाही तर पुढच्या नावाकडे जातात. मी दुकानात गल्ल्यावर असतानाही फोन खिशात ठेवायची परवानगी मागून घेतली होती.

६ ऑगस्टला दुपारी फोन वाजला. एका कंत्राटी केंद्राच्या पूर्ण दिवसाच्या प्रीस्कूलमध्ये जागा होती. त्या वर्षी १ सप्टेंबरच्या आत तीन वर्षं पूर्ण हवी होती, मनूची जूनमध्येच झाली होती. दहा दिवसांत कागद घेऊन या, म्हणाले.

कागदांचं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे अडकतात. मुलाचा जन्मदाखला, तोही काउंटीचा प्रमाणित. आमच्याकडे हॉस्पिटलचा सुंदर पायांचे ठसे असलेला होता, तो चालत नाही. पंचवीसेक डॉलर भरून नवीन काढला. राहत्या पत्त्याचा पुरावा, आम्ही विजेचं बिल दिलं. लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा तपासणी फॉर्म. दोघांच्या गेल्या महिन्याच्या सगळ्या पे-स्टब, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या. दोघांच्या मालकांनी भरून दिलेला नोकरीचा फॉर्म, त्यात कोणत्या वारी किती ते किती काम हे लिहिलेलं. आई-वडील दोघंही असतील तर दोघांनाही ‘गरज’ दाखवावी लागते, म्हणजे त्या वेळात मुलाजवळ थांबायला दोघंही मोकळे नाहीत हे सिद्ध करायचं.

नवरा दिवसा घरी असतो, मग आमचं कसं बसणार, ही माझी मोठी धास्ती होती. तर नियमात याची सोय आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात जो पालक काम करतो, त्याला तेवढे तास झोपेसाठी धरून देतात. नवऱ्याची पाळी नेमकी दहा ते सहा. पाळीची वेळ लिहिलेलं मालकाचं पत्र मात्र हवं. रात्रपाळीवाल्यांनो, हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारा. मला ती ओळ वाचून केंद्रातल्या अधिकारीबाईंच्या समोरच रडू आलं. दिवसा झोपणारा माणूस आळशी नसतो, हे कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलं होतं.

माझ्या दुकानमालकांनी फॉर्मवर सही करायला आठ दिवस लावले. सरकारी कागद म्हटलं की त्यांना वाटलं टॅक्सवाले येतील. शेवटी मीच फॉर्म पेन्सिलनं भरला, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला आणि ते म्हणाले, ‘एवढंच होय?’ तुमचे मालक चाचरत असतील तर फॉर्म नुसता हातात देऊ नका, सोबत बसा.

सगळं दिलं, आणि २४ ऑगस्टला पाकीट आलं. त्या कागदाला ‘नोटीस ऑफ अ‍ॅक्शन’ म्हणतात. मंजूर, नामंजूर, बदल, काहीही असलं तरी निर्णय त्यावरच येतो. आमच्यावर लिहिलं होतं: अपात्र, उत्पन्न जास्त.

त्या वर्षी तीन माणसांच्या कुटुंबाला आत शिरायची मर्यादा वर्षाला ५४,०२७ डॉलर होती, म्हणजे महिन्याला ४,५०२. राज्यातल्या मधल्या उत्पन्नाच्या सत्तर टक्के. आणि आमचं उत्पन्न त्यांनी ४,८२३ लावलं होतं. मी सांगलीची बी.कॉम. आहे, आकडा चुकलेला दिसला की मला बसवत नाही. मनू झोपल्यावर ओट्यावरच पे-स्टब मांडल्या. नवऱ्याला दर पंधरवड्याला १,२०० डॉलर. २६ पंधरवडे, भागिले बारा, महिन्याला २,६००. माझे आठवड्याला ३७८, गुणिले ५२, भागिले बारा, १,६३८. बेरीज ४,२३८. मग ५८५ डॉलर आले कुठून?

जुलैच्या पे-स्टब होत्या. जुलैत गोदामात मालाचा रेटा होता आणि नवऱ्यानं एका पंधरवड्यात सोळा, दुसऱ्यात आठ तास ओव्हरटाइम केला होता. दीडपट दरानं ५४० डॉलर. वर्षभरात तेवढाच ओव्हरटाइम. हिशेब करणाऱ्यांनी तो दर महिन्याला मिळतो असं धरून वर्षावर पसरवला होता. म्हणजे जास्त राबलो, ते नेमकं चुकीच्या महिन्यात.

नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अपिलाची माहिती असते. मुदत फक्त चौदा दिवस, तीही कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. पाकीट हातात आल्या दिवशीच मागची बाजू वाचा. मी २९ ऑगस्टला अर्ज दिला. सोबत नवऱ्याच्या बारा महिन्यांच्या पे-स्टब आणि एका पानाचा हिशेब: कमी-जास्त होणाऱ्या उत्पन्नाची बारा महिन्यांपर्यंतची सरासरी धरता येते, ५४० भागिले बारा म्हणजे ४५, एकूण ४,२८३. कुणावर आरोप केला नाही, फक्त आकडे लिहिले. आणि पोचपावती म्हणून माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला. एवढं नक्की करा.

सुनावणीची वेळ आलीच नाही. ७ सप्टेंबरला फोन आला की हिशेब दुरुस्त केलाय. १० तारखेला मंजुरीची नोटीस, १३ ला गणपती बसले, आणि १७ सप्टेंबरला, सोमवारी, मनू तिच्या वर्गात गेली. तेव्हा पालकांचा हिस्सा म्हणून एक मासिक फी असायची, ती उत्पन्नावर ठरायची आणि कुटुंबाला एकच लागायची. आमची फी खासगी पाळणाघराच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती.

रोज सकाळी सोडताना आणि दुपारी नेताना वहीत खरी वेळ आणि पूर्ण सही करावी लागते. आद्याक्षरं चालत नाहीत. त्या वहीवरच केंद्राचे पैसे ठरतात, म्हणून ‘साधारण नऊ’ असं लिहू नका, ८:५२ तर ८:५२. माझी सही मराठीत आहे. पहिल्या दिवशी मी अडखळले, विचारलं चालेल का. शिक्षिका म्हणाल्या, फॉर्मवर जशी केलीत तशीच रोज करा. त्या पानावर स्पॅनिश, चिनी, फारसी नावांच्या सह्यांत माझी देवनागरी सही असायची. मूल आजारी असेल तर त्याच दिवशी कारण कळवायचं. नुसतं घरी राहिलं, पाहुणे आले, अशा सुट्ट्या वर्षात दहाच.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी लिहायला बसले, ती.

जानेवारी २०१९ मध्ये नवऱ्याला गोदामात लीड म्हणून बढती देऊ केली. ताशी १५ वरून १८. घरी येऊन तो बूटही न काढता म्हणाला, ‘नको म्हणून सांगतो त्यांना.’ कारण साधं होतं. महिन्याचे ३,१२० त्याचे, १,६३८ माझे, एकूण ४,७५८. मर्यादा ४,५०२. पगार वाढणार ५२०, आणि पाळणाघर गेलं तर बाहेर जाणार १,३५०. दोन रात्री आम्ही हेच बोललो. मेहनतीनं मिळालेली बढती नवऱ्यानं नाकारावी असं मला वाटत नव्हतं, आणि ते कच्चे पोहेही डोळ्यांसमोरून जात नव्हते.

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या संचालिकेकडे गेले. म्हटलं, आधीच सांगते, लपवायचं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एका कोऱ्या पानावर दोन आडव्या रेघा काढल्या. खालची रेघ आत येण्याची, सत्तर टक्के. वरची बाहेर जाण्याची, पंच्याऐंशी टक्के. त्या वर्षी तीन माणसांना वरची रेघ वर्षाला ६५,६०४, महिन्याला ५,४६७ डॉलर होती. ‘तुम्ही दोन्हींच्या मध्ये आहात,’ त्या म्हणाल्या. तेव्हा बारा महिने पात्रता कायम राहायची आणि उत्पन्न वरच्या रेघेपलीकडे गेलं तरच तीस दिवसांत कळवावं लागायचं. मी घरी फोन केला आणि मनूच्या बाबाला झोपेतून उठवून सांगितलं.

मग मी विचारलं, या दोन रेघा कुणी काढल्या? संचालिका या कामात वीसेक वर्षं आहेत. त्यांनी सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. पूर्वी रेघ एकच होती. जुलै २०१७ च्या आधी कित्येक वर्षं तीन माणसांना महिन्याला ३,५१८ डॉलर, आणि सगळ्या राज्याला तीच. कमी भाड्याच्या मोडेस्टोला तीच, फ्रीमाँटलाही तीच. इथे त्या पगारात भाडं भरल्यावर हातात काय उरतं ते आपण जाणतोच, पण कागदावर तो माणूस ‘जास्त कमावणारा’ ठरायचा. लोक बढत्या नाकारायचे, तास कमी करून घ्यायचे.

आणि दुसरी बाजू केंद्रांची. राज्य कंत्राटी केंद्रांना तेव्हा एका मुलामागे दिवसाचा ठरावीक दर द्यायचं, २०१७-१८ मध्ये सुमारे ४५ डॉलर, तोही सगळीकडे सारखाच. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या महागड्या भागात, त्या पैशात शिक्षक टिकायचे नाहीत. शिक्षक नाही म्हणून वर्ग बंद, वर्ग बंद म्हणून मंजूर झालेले पैसे खर्च व्हायचे नाहीत, आणि ते सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्य सरकारकडे, परत जायचे. यादीवर मुलं ताटकळत असताना! ‘आमच्याकडे एक खोली दोन वर्षं रिकामी होती. खुर्च्या होत्या, खेळणी होती, नळाला पाणी होतं,’ त्या म्हणाल्या.

महागड्या काउंट्यांनी मग वेगळी मागणी केली: नवे पैसे नकोत, पण जे येतात ते आमच्या भागाच्या खर्चाप्रमाणे वापरू द्या. सॅन मटेओला २००३ मध्ये तसा कायदा मिळाला, सॅन फ्रान्सिस्कोला २००५ मध्ये, आमच्या अलामेडाला २०१५ मध्ये, सांता क्लाराला त्याच्या पुढच्या वर्षी, आणि २०१७ मध्ये आणखी काही काउंट्यांना. काउंटीनं स्वतःची योजना लिहायची आणि राज्याकडून मंजूर करून घ्यायची. एका केंद्राला न वापरता आलेले पैसे काउंटीतच ठेवून दुसऱ्याला थोड्या वाढीव दरानं देता यायचे. अट अशी होती की काउंटीत मुलांना मिळणारे एकूण दिवस कमी होता कामा नयेत. आणि कुटुंबांसाठी पात्रतेचे नियम, उत्पन्नाची मर्यादा धरून, थोडे सैल करता यायचे. आधीच आत असलेल्या कुटुंबाला पगार वाढला म्हणून लगेच बाहेर काढायचं नाही, ही गोष्ट या काउंट्यांनी आधी धरली, आणि जुलै २०१७ पासून राज्यानंच वरची रेघ आणि बारा महिन्यांची पात्रता सगळ्यांना लागू केली.

‘आणि ती रिकामी खोली?’ मी विचारलं. त्यांनी काचेतून बोट दाखवलं. मनू त्याच खोलीत वाळूच्या टेबलापाशी उभी होती.

नवऱ्यानं बढती घेतली. रात्रपाळी तीच राहिली. फेब्रुवारीपासून पगार वाढला, आणि आम्ही ताईंकडून उसने घेतलेले ९०० डॉलर सगळ्यात आधी फेडले.

सप्टेंबर २०१९ मध्ये वर्ष संपलं म्हणून पुन्हा सगळे कागद दिले. या वेळी कसलीच धावपळ नव्हती. वर्षभर मी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येक पे-स्टब तारखेनं लावत गेले होते, आणि दुकानमालकांनी फॉर्मवर पाच मिनिटांत सही केली. ओव्हरटाइम झालेल्या पंधरवड्यांच्या पे-स्टबवर मी आधीच पिवळी चिठ्ठी लावली आणि शेजारी सरासरी लिहिली. अधिकारीबाईंनी ती चिठ्ठी तशीच फाइलला ठेवली. एक बदलही कानावर घालते: जुलै २०१९ पासून नव्यानं अर्ज करणाऱ्यांनाही पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत प्रवेश मिळू लागला. तेव्हा २०१८ मध्ये ज्यांना ‘उत्पन्न जास्त’ म्हणून नकार आला होता, त्यांना पुन्हा नाव घालता येणार होतं. मी दुकानात येणाऱ्या दोघींना सांगितलं, त्यातल्या एकीला माहीतच नव्हतं.

मंजुरीची नोटीस २० सप्टेंबरला आली. पुढच्या ऑगस्टमध्ये मनू किंडरगार्टनला जाईल, तोपर्यंत हीच पुरेल. सासूबाई डिसेंबरमध्ये येताहेत, पाच आठवड्यांसाठी. फोनवर विचारत होत्या, ‘मी आले की मनूची शाळा बंद ठेवायची का?’ मी म्हटलं, नाही आई, ती जाईल शाळेत. तुम्ही दुपारी मला सोबत यायचं, तिला आणायला.